एक्केचाळीस रिकामे चौकोन

१

"अगं, लवकर वर ये! चिन्ह गेलं!"

दादाची हाक मला जिन्यातच ऐकू आली. माझा मोठा भाऊ सहसा ओरडत नाही. वीज गेली, संगणक बसला, तरी तो शांतपणे कान खाजवत बसतो. म्हणून उरलेल्या पायऱ्या मी दोन-दोन करत चढले.

खिडकीजवळच्या टेबलावरच्या पडद्यावर आमचं गेल्या चार महिन्यांचं काम उघडं होतं. सेलोच्या, म्हणजे थोरल्या व्हायोलिनसारख्या त्या वाद्याच्या, ओळीवर जागोजागी रिकामे चौकोन दिसत होते, पडलेल्या दातांच्या खिंडारांसारखे. दादाने मोजलेही होते. एक्केचाळीस.

आमची कंपनी म्हणजे तीन खोल्या आणि चार माणसं. संगीत लिहून छापायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कोड दादा लिहितो. ते दिसायला आणि वापरायला कसं असावं हे मी बघते, आणि त्यातलं माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे चिन्हपेटी. संगीतात चिन्हं शेकड्याने, कीबोर्डवर बटणं शंभर. मग करायचं काय? एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात चौकोनाचौकोनांत चिन्हं मांडलेली असतात. एक टिचकी मारली की चिन्ह मोठं होऊन दिसतं, दुसरी मारली की ओळीत जाऊन बसतं. अशी दोनशे चौदा चिन्हं मी कप्प्यांत लावली होती. तारांवर गज फिरवायची वेगळी, श्वासाची वेगळी, जोराने-हळू वाजवायची वेगळी. कुठेच न बसणाऱ्यांसाठी शेवटी एक कप्पा, 'इतर'.

गेलेलं चिन्ह त्या 'इतर'मधलं. एका संगीतकाराने ते स्वतःच तयार केलं होतं. छोटीशी आकडी, तिच्या पोटात एक टिंब. संगीतकार गेल्या वर्षी वारले. त्यांच्या शेवटच्या वहीत सेलोच्या भागात ही आकडी एक्केचाळीस वेळा आली होती, आणि तिचा अर्थ काय हे एकालाही सांगता येत नव्हतं. आज चार वाजता शहराचा वाद्यवृंद ती रचना पहिल्यांदा वाजवून बघणार होता, आमच्या छापील पानांवरून. संचालकांच्या पसंतीस पानं उतरली, तर वाद्यवृंदाची जुन्या संगीताची कपाटंच्या कपाटं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरणार होती.

"कालच्या दुपारची प्रत आहे माझ्याकडे," दादा म्हणाला. "पाच मिनिटांत आकडी परत आणतो."

"मग एवढा ओरडलास कशाला?"

त्याने फक्त डोळ्यांनी सोफ्याकडे खूण केली. तिथे अक्का बसल्या होत्या. संगीतकारांची मोठी बहीण. वही त्यांचीच, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.

"परत आणू नका," अक्का म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमचे दादाच म्हणाले, पेटीतलं चिन्ह काढायचं तर ते दाबून धरावं लागतं, मग 'नक्की काढू का?' विचारतं, मग 'हो' म्हणावं लागतं. म्हणजे हे चुकून झालेलं नाही. माझ्या भावाचं अक्षर कुणीतरी ठरवून पुसलं. आज चिन्ह पुसलं, उद्या सूर पुसतील. कुणी पुसलं आणि का, हे मला चारच्या आत कळलं पाहिजे. नाही कळलं, तर मी ही वही घेऊन घरी जाणार. मग ना छपाई, ना वाजवणं."

घड्याळात सव्वादहा झाले होते.

२

चाळणीताई साडेदहाला आल्या आणि सगळं ऐकून त्यांचे डोळेच चमकले. त्या आमच्या तपासनीस. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात पडण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे त्यांचं काम. बारीकसा खडाही सुटत नाही, म्हणून सगळे त्यांना चाळणी म्हणतात आणि त्याही त्या नावाला ओ देतात. वय पंचावन्न, चष्मा कायम कपाळावर.

"कुणी माउसला हात लावू नका," पर्स खुंटीला अडकवत त्या म्हणाल्या. "आकडी शेवटची कुणी पाहिली?"

"मी," मी म्हणाले. "काल पाचला सेलोचा भाग एकदा छापून बघितला. सगळ्या जागच्या जागी होत्या. सहाला आम्ही कुलूप लावलं."

"म्हणजे पाच ते सहा. तेव्हा इथे कोण कोण होतं?"

दादा आणि मी अधूनमधून आतल्या खोलीत. अक्का सोफ्यावर, गाडीची वाट बघत. शाईकाका त्यांच्या मेजावर. ते आमच्यासाठी चिन्हं रेखाटतात, आधी दौतीत टाक बुडवून कागदावर, मग संगणकावर. आणि वाद्यवृंदातली सेलोवाली. ती आपला भाग डोळ्यांखालून घालायला आली होती आणि वीसेक मिनिटं याच टेबलाशी बसली होती.

"म्हणजे सगळेच इथे थोडा वेळ एकटे असू शकतात. दादासाहेबसुद्धा."

"मलाही धरता?" दादा उगाच दुखावला.

"का नाही? तुमच्याकडेही येतेच आहे." चाळणीताईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि पडद्यावर इतक्या वाकल्या की नाक टेकायचं बाकी राहिलं. "पोरी, पेटीत वरती ही ओळ कसली?"

"नुकतीच वापरलेली चिन्हं. ज्यावर टिचकी पडते ते तिथे येऊन बसतं. सर्वांत नवं डावीकडे."

डावीकडे पहिला एक रिकामा चौकोन होता. ती पुसलेली आकडी. तिच्या शेजारी ओळीने तीन चिन्हं: एक स्वल्पविराम, एक बरोबरची खूण, दोन तिरप्या रेघा.

"ताई, ही तिन्ही श्वासाच्या कप्प्यातली आहेत. फुंकून वाजवणाऱ्यांनी श्वास कुठे घ्यायचा ते दाखवणारी. काल मी ती वापरलीच नाहीत!"

"मीही नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे ज्याने आकडी पुसली, तो आधी श्वासाच्या कप्प्यात शिरला. तुझे चौकोन मुंगीएवढे, तेव्हा आकडीसारखं दिसेल त्यावर टिचकी मारून बघितलं. एक, दोन, तीन. सापडली नाही. मग हुडकत हुडकत 'इतर'पर्यंत पोचला." चाळणीताई सरळ झाल्या. "आकडीचा अर्थ कुणालाच माहीत नाही म्हणता ना? मग तिला श्वासात शोधायला कोण जाईल?"

दादा कान खाजवू लागला.

"ज्याला अर्थ माहीत आहे तो!" त्यांनी टेबलावर थाप मारली.

३

शाईकाकांनी आधी टाक पुसला, दौतीचं झाकण लावलं, मग म्हणाले, "ती आकडी मी एकोणीस वेळा रेखाटली. एकोणीस! कुठे पोट सुटायचं, कुठे मान लुळी पडायची. आणि या बयेने ती नेऊन टाकली अडगळीत. 'इतर' म्हणे! त्यापेक्षा पुसून टाका, असं मी परवा म्हणालो होतो. सगळ्यांनी ऐकलंय."

"मग पुसलीत?" चाळणीताईंनी सरळच विचारलं.

"एकोणीस वेळा काढलेलं पोर पुसेन मी?" काका लालबुंद झाले. "आणि पुसायचंच असतं तर माझ्या कागदांचंही काय ते केलं असतं. हे बघा, एकोणीसही कागद इथेच."

ते खरंच तिथे होते, तारीखवार.

दादाची पाळी आली. त्याचाही आकडीवर राग होता. छापताना तीच नेमकी अडायची, आणि परवाच तो वैतागून म्हणाला होता, "हे एक चिन्ह नसतं तर मी दोन आठवडे आधी सुटलो असतो." पण त्याने उलट विचारलं, "ताई, मला पुसायची असती तर मी पेटी कशाला उघडेन? कोडमधली एक ओळ काढली की झालं. वर तुमच्या त्या नुकत्याच वापरलेल्यांच्या ओळीत काही दिसलंही नसतं."

"हे पटलं," चाळणीताई म्हणाल्या, जराशा नाराजीनेच.

अक्कांना विचारायची माझी हिंमत होईना. ताईंनी विचारलं. अक्का रागावल्या नाहीत.

"त्याची सगळी वही मला वाचता येते," त्या म्हणाल्या. "लहानपणी आम्ही एकाच बाजाच्या पेटीवर शिकलो. ही आकडी तेवढी मला येत नाही. वर्षभर ज्याला त्याला विचारत फिरते आहे. ती मी पुसेन होय? आणि 'इतर'चं म्हणाल, तर ही मुलगी तिथे ठेवत होती तेव्हा मी शेजारीच होते. माझ्या भावाचं चिन्ह 'इतर' कसं, म्हणून भांडलेसुद्धा."

चाळणीताईंनी मला हाताला धरून जिन्यात नेलं.

"ऐकलंस? काका 'इतर'वरून भांडले. अक्का भांडल्या. त्या कप्प्याचा कोड दादांनी स्वतः लिहिला. या तिघांपैकी कुणीही असतं तर डोळे मिटून 'इतर'मध्ये गेलं असतं. आता सांग, सेलोवालीला पेटी कुणी दाखवली?"

"मी. काल, घाईघाईत. चिन्ह घालायचं कसं, काढायचं कसं, तेवढं." मला एकदम आठवलं. "पण 'इतर' नाही दाखवला! त्या कप्प्याची मला लाजच वाटायची."

"मग झालं तर."

"झालं कसं? ताई, सेलो काय फुंकून वाजवतात? तो गजाने वाजतो. सेलोवाली आकडी शोधेल ती गजाच्या कप्प्यात. श्वासात कशाला जाईल?"

चाळणीताईंचा चेहरा पडला. सकाळपासून पहिल्यांदाच.

४

काल पाचला छापलेला सेलोचा भाग माझ्या खणात होता. त्यावर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आकड्या शाबूत. आम्ही तो जमिनीवर पसरला, सात पानं ओळीने, आणि गुडघ्यांवर बसलो. बारा वाजून गेले होते.

"गजाशी संबंध असता तर आकड्या गज फिरवायच्या जागी असत्या," चाळणीताई पुटपुटल्या. "इथे बघ. लांबलचक एकच सूर, आणि आकडी त्याच्या मधोमध. गजाला तिथे काही कामच नाही. मग कुणाला काम आहे? तू पेन्सिल घे. मी मात्रा मोजते, तू लिही. एका आकडीपासून दुसऱ्या आकडीपर्यंत."

त्या बोटाने जमिनीवर टकटक करत मोजायला लागल्या. मी लिहीत गेले. चार. चार. पाच. चार. सहा. दुसऱ्या पानावर सात, सात, आठ. तिसऱ्यावर नऊ, दहा.

"ताई, अंतर वाढतंय!"

"दिसतंय. बोलू नकोस, चुकेल."

बारा. चौदा. चौदा. पाचव्या पानावर अठरा. मी पेन्सिल घट्ट धरून बोटाकडे बघत होते. सहाव्या पानावर मोजणी संपेचना. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस... टकटक, टकटक. बत्तिसाला बोट थांबलं आणि मी भसकन श्वास सोडला.

चाळणीताईंनी वर पाहिलं. "काय झालं तुला?"

"काही नाही. मोजणीकडे लक्ष होतं, श्वासच राहिला घ्यायचा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले.

"पोरी! माणूस फुंकत नसला तरी श्वास तर घेतो ना! आणि जीव ओतून लक्ष दिलं की घ्यायचा विसरतो! आकडी सेलोसाठी नाहीच आहे, सेलो वाजवणाऱ्यासाठी आहे. सुरुवातीला दर चार मात्रांना आठवण, शेवटी बत्तीस मात्रांना. कुणालातरी हळूहळू शिकवलंय. आणि बत्तिसानंतर?"

मी सातवं पान ओढलं. सबंध पानावर एकही आकडी नव्हती.

"चपला घाल," चाळणीताई म्हणाल्या.

५

वाद्यवृंदाचं सभागृह दोन गल्ल्या सोडून. आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं. मागच्या लहान खोलीत सेलोवाली एकटीच तारा लावत होती. तिशी-पस्तिशीची, उंच, मितभाषी.

चाळणीताईंनी आरोप वगैरे काही केला नाही. पहिलं पान तिच्यासमोर धरलं आणि बोटाने टकटक केली. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला सेलोवालीची छाती आपोआप वर झाली. पुन्हा चार. पुन्हा. तिने सेलो हळूच भिंतीला टेकवला आणि चेहरा ओंजळीत घेतला.

"सेलोवाल्याला आकडी शोधायची तर तो गजाच्या कप्प्यात बघतो," ताई मऊ आवाजात म्हणाल्या. "तुम्ही श्वासाच्या कप्प्यात बघितलंत."

"सात वर्षांपूर्वी मी मंचावर कोसळले," सेलोवाली म्हणाली. "एकटीचा भाग होता. घाबरले की मी श्वास घ्यायचाच विसरते, लहानपणापासूनच. त्या दिवशी वाजवता वाजवता डोळ्यांसमोर अंधार झाला. सेलोची मान मोडली. मी सगळ्यांना सांगितलं, ताप होता. सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्यांनी नाही ठेवला."

"संगीतकारांनी?"

"ते श्रोत्यांत होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, दर गुरुवारी ये. घाबरू नकोस, असं ते कधीही म्हणाले नाहीत. एक पान लिहून ठेवायचे, त्यावर आकड्या. 'गजाकडे तू बघ, श्वासाकडे मी बघतो,' एवढंच. दर महिन्याला आकड्या लांब लांब जात गेल्या. त्या पानांची त्यांनी रचना केली आहे, हे मला वही बाहेर आली तेव्हा कळलं."

"मग पुसलीत का?" माझ्या तोंडून निघालंच. त्या चौकोनांपायी माझी सकाळ जळली होती.

ती माझ्याकडे वळली. "काल संचालक म्हणाले, सुरुवातीलाच सगळ्यांना विचारू, या आकडीचा अर्थ काय असेल, बघू कोण ओळखतं. साठ माणसं! आणि तू म्हणालीस, अर्थ कळला की पेटीत चिन्हावर माउस नेताच नाव दिसणार. म्हणजे जगभर दिसणार. 'ही श्वास घ्यायला विसरते, म्हणून चिन्ह बनवावं लागलं.' मला वाटलं, पेटीतून आकडी गेली की छपाईतूनही गुपचूप जाईल. सूर तर तेच राहतील. रिकामे चौकोन उरतील हे मला कुठे ठाऊक!"

दार लोटल्याचा आवाज आला. आमच्या मागोमाग अक्का आल्या होत्या. वही छातीशी धरून उंबऱ्यातच उभ्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे.

"गुरुवारी?" अक्का म्हणाल्या. "मला तो म्हणायचा, फिरायला जातो."

सेलोवाली उठून उभी राहिली.

अक्का पुढे आल्या. आता त्या काय करतात, या धास्तीने मी चाळणीताईंचा हात धरला. अक्कांनी विचारलं ते एवढंच: "शिकवताना हसायचा का गं तो? घरी शेवटी शेवटी फार गप्प असायचा."

"खूप हसायचे," सेलोवाली म्हणाली. "स्वतःच्याच विनोदांना."

अक्कांनी वही तिच्या हातात दिली. "कुणी आणि का, एवढंच मला हवं होतं. ते कळलं. आता पुढचं तू ठरव. नाव द्यायचं नसेल तर नको. अर्थाविना चिन्ह छापू, मी काही बोलणार नाही."

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

६

सेलोवालीला घेऊन आम्ही परतलो, तेव्हा दादा सगळं पूर्ववत करायला तयारच बसला होता. "एक बटण, की एक्केचाळीसही जागेवर."

"पेटीत एकच आणा," सेलोवाली म्हणाली. "पानावर मी घालते."

ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. दादाने आकडी परत आणली. शाईकाका मागे उभे राहून तिची मान नीट आहे ना ते बघत होते. मी विचारलं, "कुठल्या कप्प्यात ठेवू?"

"श्वासाच्या."

"आणि नाव?"

तिने थोडा विचार केला. "'श्वास घे.' दुसरं काही नको."

मी टाइप केलं. मग पहिली आकडी, दुसरी, तिसरी. वही तिने उघडलीच नाही, सगळ्या जागा पाठ होत्या. मी श्वासही न घेता तिची बोटं बघत होते, असं म्हटलं तर चाळणीताई मारतील, पण खरंच, माझी पेटी एखादा वादक अशी सराईतपणे वापरतोय हे मी पहिल्यांदाच पाहत होते! टिचकी, टिचकी, पुढची. नवव्या आकडीला ती म्हणाली, "चौकोन फार लहान केलेत तुम्ही." मी तिथल्या तिथे मोठे केले. तीनला दहा कमी असताना एक्केचाळिसावी बसली. तिने हात मागे घेतले आणि सबंध पान वरून खाली पाहिलं. यंत्रातून पानं गरमागरम बाहेर पडू लागली तसा दादा ती पिशवीत भरू लागला, आणि आम्ही सगळे, अगदी शाईकाकासुद्धा, सभागृहाकडे पळालो.

बरोबर चारला संचालकांनी छडी उचलली आणि परत खाली ठेवली. "सेलोच्या पानावर एक आकडी आहे," ते म्हणाले. "ओळखा बघू."

दोघा-तिघांनी अंदाज केले. गज उचला. तार दाबा. एकजण म्हणाला, माशी बसली असेल. हशा पिकला. सेलोवाली उभी राहिली.

"श्वास घे, असा अर्थ आहे," ती म्हणाली. "ती माझ्यासाठी लिहिली आहे. मी विसरते. त्या वर्षी मी पडले ना, तेव्हा ताप नव्हता."

पाठीमागून, सगळ्यात मोठ्या वाद्याला टेकून उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाचा खर्जातला आवाज आला, "आमच्या पानावर पण दोन-चार टाका हो. तिसाव्या वर्षापासून मी प्रत्येक रचनेच्या चौथ्या पानावर श्वास कोंडून निळा पडतो, कधी बोललो नाही एवढंच."

या वेळचं हसणं वेगळं होतं. तीही हसली, आणि बसली.

वाजवणं सुरू झालं. पहिल्या पानावर तिचे खांदे दर चार मात्रांना वर-खाली होताना मला लांबूनही दिसत होते. मग आठ, मग बारा. दादाच्या मांडीवर प्रत होती, तो बोट फिरवत होता. बाकीची वाद्यं एकेक करत तिच्याभोवती गोळा झाली. सहाव्या पानावरची शेवटची आकडी आली, बत्तीस मात्रांचा तो लांब प्रवास पार पडला, आणि तिने पान उलटलं. सातवं पान, चिन्हावाचूनचं. सेलोचा सूर वर चढत गेला, एका जागी किंचित थांबला, तिने स्वतःच छाती भरून श्वास घेतला आणि त्यावरचा सूर असा काही लावला की शाईकाकांनी माझा दंड दाबला. पुढच्या रांगेत अक्का मान खाली घालून ऐकत होत्या, आणि त्यांचा पाय ठेका धरत होता.

शेवटचा सूर विरला. कुणी टाळी वाजवली नाही, वाद्यवृंदाच्या तालमीत वाजवत नाहीत. संचालकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, समोरची सगळी पानं उचलून पुन्हा पहिल्या पानावर आणली, आणि साठ माणसांवरून नजर फिरवत म्हणाले, "पुन्हा एकदा. पहिल्यापासून."